मिथ्यावाद्याचे कूट आणि भर्तृहरीचे उत्तर

१. प्रश्नाची मांडणी

‘पॅरडॉक्स’ ह्या शब्दासाठी मराठीत सामान्यतः ‘विरोधाभास’ हा प्रतिशब्द योजला जातो. हा शब्द आपण अलंकारशास्त्रातून घेतला आहे. त्या शास्त्रात विरोध हा केवळ भासमान असतो. श्लेषाचा उलगडा झाला किंवा दुसरा अर्थ ध्यानात आला की विरोधाचा परिहार होतो आणि त्या परिहारातच चमत्कृती असते. विरोध खरोखरीचा निघाला तर तो अलंकार न राहता दोष होतो. म्हणजे ‘विरोधाभास’ ह्या शब्दातच उत्तर सापडेल असे आश्वासन दडलेले आहे. मराठीत रूढ असलेला दुसरा शब्द ‘वदतो व्याघात’ हा होय. बोलणाऱ्याच्या बोलण्यानेच त्याच्या म्हणण्यास बाध आला म्हणजे वदतो व्याघात झाला. तेथे विधान टाकून दिले, वादी पराभूत झाला, की विषय संपतो.

परंतु काही विधाने अशी आहेत की त्यांतील विरोधाचा परिहारही होत नाही आणि ती टाकून देऊनही सुटका होत नाही. ‘मी आता उच्चारीत असलेले हे वाक्य असत्य आहे’ हे त्यांपैकी सर्वांत जुने आणि प्रसिद्ध. ते सत्य मानावे, तर ते म्हणते त्याप्रमाणे ते असत्य ठरते. असत्य मानावे, तर ते जे म्हणते तेच घडलेले असल्यामुळे ते सत्य ठरते. ग्रीकांनी ह्याला ‘मिथ्यावादी’ असेच नाव दिले होते. प्रस्तुत लेखात त्यास मिथ्यावाद्याचे कूट म्हटले आहे.

ह्या कुटाचा इतिहास बहुधा ग्रीसपासून सुरू करून मध्ययुगीन पॅरिस व ऑक्सफर्डमार्गे विसाव्या शतकातील वॉर्सापर्यंत आणला जातो. भर्तृहरीच्या वाक्यपदीयातही हेच वाक्य जवळजवळ ह्याच रूपात येते, ही गोष्ट संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकांना परिचित असली तरी तर्कशास्त्राच्या अभ्यासक्रमांत क्वचितच सांगितली जाते. ती सांगितली गेली की दुसरी अडचण उद्भवते. ‘हे आमच्याकडे पूर्वीच सुटलेले होते’ असे म्हणण्याचा मोह होतो, आणि त्या मोहाला उत्तर म्हणून ‘दोन्हीकडील प्रश्न मुळातच भिन्न आहेत’ असा तितकाच घाईचा निकाल दिला जातो. हे दोन्ही निकाल पुराव्याला धरून नाहीत, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ह्यात कुतूहलापेक्षा अधिक काही गुंतलेले आहे. भाषेला स्वतःविषयी सुसंगतपणे बोलता येत नसेल, तर व्याकरण नावाचे शास्त्र कशाच्या आधारावर उभे आहे, असा प्रश्न त्यातून निघतो.

२. ग्रीक परंपरा

डायोजेनीस लेअर्टियस ह्या इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील चरित्रकाराने ह्या कुटाचे जनकत्व मिलेटसच्या युबुलिडीसकडे दिले आहे. युबुलिडीस हा इ. स. पू. चौथ्या शतकातील मेगारा-संप्रदायाचा तार्किक असून ॲरिस्टॉटलचा कडवा प्रतिस्पर्धी होता. त्याच्या नावावर सात कूटे सांगितली जातात. त्यांत मिथ्यावाद्याखेरीज धान्याच्या राशीचे, टक्कल पडलेल्या माणसाचे आणि बुरखा घेतलेल्या माणसाचे अशी प्रसिद्ध कूटे आहेत. एक दाणा म्हणजे रास नव्हे. रास नसलेल्यात एक दाणा वाढविल्याने रास होत नाही. मग रास होते तरी केव्हा? ह्या साऱ्या प्रश्नांची घडण वादसभेतील आहे. विचारणाऱ्याने प्रश्न करावयाचा आणि उत्तर देणाराने केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणावयाचे, हा त्या सभेचा दंडक. मिथ्यावाद्याच्या कुटाचे हत्यार ह्याच दंडकावर धार लावून तयार झाले आहे.

लोकांत हे कूट क्रीटच्या एपिमेनिडीसच्या नावाने अधिक ओळखले जाते. ‘क्रीटचे लोक नेहमी खोटे बोलतात’ असे एका क्रीटवासीयाने म्हटल्याचा उल्लेख नव्या करारातील टायटसला लिहिलेल्या पत्रात आहे. तो क्रीटवासी म्हणजे एपिमेनिडीस, असे अलेक्झांड्रियाच्या क्लेमंटने सांगितले. पत्रलेखकाला ह्यात काही कूट आहे असे मुळीच वाटलेले दिसत नाही. उलट ती साक्ष खरी असल्याचे तो सांगतो. तर्कदृष्ट्याही हे वाक्य खरे कूट नव्हे. ते सत्य मानले तर विरोध येतो हे खरे. परंतु ते असत्य मानले, तर कोणी तरी क्रीटवासी कधी तरी खरे बोलला, एवढेच निष्पन्न होते, आणि त्यात विरोध कसलाच नाही. युबुलिडीसचे वाक्य दोन्ही बाजूंनी बांधते. एपिमेनिडीसचे एकाच बाजूने. हा भेद पुढे भारतीय सामग्रीचा विचार करताना निर्णायक ठरणार आहे.

ॲरिस्टॉटलने वाक्छलांवरील आपल्या ग्रंथात ह्या प्रकारच्या प्रश्नाला ओझरता स्पर्श केला आहे. एखादा मनुष्य एका बाबतीत खरे आणि दुसऱ्या बाबतीत खोटे बोलू शकतो, म्हणून ‘निरपेक्षपणे’ आणि ‘विशिष्ट बाबतीत’ हा भेद पाळावा, असा त्याचा रोख आहे. स्टोइक संप्रदायाचा आचार्य क्रिसिप्पस ह्याने मात्र ह्या एकाच विषयावर अनेक ग्रंथ लिहिल्याचे त्याच्या ग्रंथसूचीवरून दिसते. ते सर्व नष्ट झाले. कॉसचा कवी फिलिटास ह्या कुटाच्या चिंतेने झिजून मेला, अशी आख्यायिका अथेनियसने नोंदविली आहे. हा फिलिटास दुर्मीळ शब्दांचा कोशकारही होता, हे आपल्या विद्याशाखेच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

३. भारतीय दर्शनांतील स्ववचनविरोध

भारतीय वाङ्मयात ह्या जातीच्या विधानांची चर्चा निरनिराळ्या तीन ठिकाणी आढळते, आणि ती तीन ठिकाणे एकत्र मिसळल्यामुळेच बराच घोटाळा झालेला आहे.

पहिले ठिकाण शून्यवादाचे. नागार्जुनाच्या विग्रहव्यावर्तनीत प्रतिपक्षी विचारतो की, सर्व भाव निःस्वभाव असतील तर ‘सर्व भाव निःस्वभाव आहेत’ हे तुझे वचनही निःस्वभाव ठरेल. मग ते निषेध कसा करणार? नागार्जुन ही आपत्ती मान्य करून तिच्यातील विष काढून घेतो. आपले वचन शून्य आहे हे तो कबूल करतो. पण शून्य असूनही रथ, घट, पट ज्याप्रमाणे आपापली कामे करतात, त्याप्रमाणे ते वचनही आपले काम करते, असे त्याचे उत्तर आहे. येथे वाद वचनाच्या सत्यतेविषयी नसून सामर्थ्याविषयी आहे. राहुल सांकृत्यायन ह्यांनी तिबेटात शोधलेल्या पोथीमुळे हा ग्रंथ मूळ संस्कृतात उपलब्ध झाला, हे येथे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे.

दुसरे ठिकाण प्रमाणशास्त्राचे. दिङ्नागाच्या परंपरेत सदोष प्रतिज्ञेच्या प्रकारांमध्ये ‘स्ववचनविरुद्ध’ असा एक प्रकार गणला आहे. ‘माझी माता वंध्या आहे’ हे त्याचे ठरलेले उदाहरण. सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल ह्याने श्लोकवार्तिकाच्या अनुमानप्रकरणात ह्या प्रकाराची जी त्रिविध विभागणी केली आहे, ती सूक्ष्म आहे. ‘मी जन्मापासून मौनी आहे’ ह्या वाक्याला केवळ उच्चारणाच्या क्रियेनेच बाध येतो. वाक्याच्या अर्थात विरोध नाही. ‘सर्व वाक्ये मिथ्या आहेत’ ह्यात धर्माच्या, म्हणजे विधेयाच्या, कथनाने बाध येतो. कारण मिथ्यात्व हा धर्म त्याच वाक्याला येऊन चिकटतो. ‘जिने मला जन्म दिला ती माझी आई वंध्या आहे’ ह्यात धर्मीच्या, म्हणजे उद्देश्याच्या, कथनानेच बाध येतो.

ह्या विभागणीतील पहिल्या प्रकाराला युरोपात तुल्य असे उदाहरण चौदाव्या शतकातील पॅरिसच्या झां बुरिदां ह्याच्याकडे सापडते. ‘कोणतेही विधान नकारार्थी नाही’ असे तो म्हणतो. जगातील सर्व नकारार्थी विधाने नष्ट झाली, तर ही वस्तुस्थिती संभवते; पण ती सांगणारे विधान स्वतःच नकारार्थी असल्यामुळे ते उच्चारले जाताच खोटे पडते. वस्तुस्थिती संभाव्य, पण तिचे सत्य कथन असंभाव्य, असा हा विलक्षण भेद आहे. कुमारिलाच्या मौनी माणसाची स्थिती नेमकी हीच. मौन शक्य आहे. ते मौन बोलून दाखविणे शक्य नाही.

दुसऱ्या प्रकाराचे, म्हणजे ‘सर्व वाक्ये मिथ्या आहेत’ ह्याचे, स्वरूप काय? हे एपिमेनिडीसच्या वाक्याप्रमाणेच एका बाजूने बांधणारे आहे. ते सत्य असू शकत नाही, म्हणून ते असत्य. आणि असत्य मानण्यात अडचण नाही, कारण पुष्कळ वाक्ये सत्य असतातच. म्हणून दिङ्नाग किंवा कुमारिल ह्यांना मिथ्यावाद्याचे कूट दिसले नाही, अशी टीका करणे अन्यायाचे होईल. त्यांच्यासमोर असलेले वाक्य खरोखरच केवळ असत्य होते, आणि त्यांनी ते असत्य म्हणून टाकले. तो वदतो व्याघात होता.

४. भर्तृहरी

तिसरे ठिकाण व्याकरणाचे, आणि तेथे प्रश्न पालटतो. वाक्यपदीयाच्या तिसऱ्या कांडातील तिसरे प्रकरण ‘संबंधसमुद्देश’ हे होय. भर्तृहरीचा काळ सामान्यतः इसवी सनाचे पाचवे शतक मानला जातो. म्हणजे तो कुमारिलाच्या आधीचा. ह्या प्रकरणाचा विषय शब्द आणि अर्थ ह्यांमधील संबंध हा आहे. हा संबंध इतका परतंत्र आहे की त्याला त्याच्या स्वतःच्या रूपाने सांगणारा शब्दच नाही, असे भर्तृहरी आरंभी म्हणतो. ‘संबंध’ असा शब्द उच्चारला की संबंध ही एक वस्तू होऊन बसते आणि दोहोंना जोडण्याचे तिचे कार्य हरपते. ह्यावरून लगेच शंका निघते. संबंध अवाच्य आहे असे म्हणावे, तर ‘अवाच्य’ ह्या शब्दाने तो वाच्य झाला; आणि ‘अवाच्य’ हा शब्द काहीच सांगत नाही असे म्हणावे, तर अवाच्यता सिद्धच होत नाही. राधिका हर्झबर्गर आणि हान्स हर्झबर्गर ह्यांनी १९८१ मध्ये ‘जर्नल ऑफ इंडियन फिलॉसफी’ ह्या नियतकालिकात ‘भर्तृहरीचा पॅरडॉक्स’ म्हणून चर्चा केली ती ह्या अवाच्यतेच्या अडचणीची.

ह्याच शंकेचे निरसन करताना संशय आणि निश्चय ह्यांचे दाखले देऊन भर्तृहरी ‘मी बोलतो ते सर्व मिथ्या आहे’ ह्या वाक्याकडे वळतो. त्याचे म्हणणे दोन पायऱ्यांत येते. पहिली पायरी अशी की, असे बोलणाराला ते वाक्य स्वतः विवक्षित नसते. कारण त्या वाक्याचे सांगणेच मिथ्या झाले, तर जो अर्थ सांगण्यास वक्ता प्रवृत्त झाला तो अर्थ कळणारच नाही. दुसरी पायरी अशी की, जो शब्द वाचक म्हणून प्रवृत्त झाला आहे तो त्याच व्यापारात वाच्य होत नाही. ज्याच्या योगे दुसऱ्याचे प्रतिपादन होते ते तेथे स्वतः प्रतिपाद्य नसते.

येथे तीन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली, वाक्याच्या रूपाविषयी. ‘सर्व वाक्ये मिथ्या आहेत’ आणि ‘मी बोलतो ते सर्व मिथ्या आहे’ ह्या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे! पहिले सर्व जगातील वाक्यांविषयी आहे. दुसरे एका वक्त्याच्या वचनांविषयी. ज्या माणसाने दुसरे एखादे तरी खरे वाक्य उच्चारले आहे, त्याच्या तोंडी दुसरे वाक्यही केवळ असत्य ठरते. पण ज्याची बाकीची सर्व वचने खरोखर खोटी आहेत, किंवा ज्याने हे एकच वाक्य उच्चारले आहे, त्याच्या तोंडी तेच वाक्य युबुलिडीसचे पुरे कूट होते. सारांश, भर्तृहरीचे वाक्य कूट आहे की नाही हे वाक्यावरून ठरत नाही, तर बोलणाराच्या परिस्थितीवरून ठरते.

दुसरी गोष्ट ‘विवक्षा’ ह्या शब्दाची. वैयाकरणांच्या मते कारकांची योजना विवक्षेवर अवलंबून असते. भांडे हे अधिकरण म्हणून सांगावयाचे की कर्ता म्हणून, हे वक्त्याच्या इच्छेवर असते. ह्यावरून असा आक्षेप निघू शकतो की, वक्त्याने ‘हे वाक्यही मला विवक्षित आहे’ असा हट्ट धरला तर काय? पहिली पायरी एवढ्यावर थांबली असती तर हा आक्षेप प्राणघातक ठरला असता. दुसरी पायरी ह्याचसाठी आहे. वाचक तत्क्षणी वाच्य होत नाही हा वक्त्याच्या इच्छेचा प्रश्न नसून अभिधानव्यापाराच्या स्वभावाचा प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट ह्या दोन पायऱ्यांचा वाक्यपदीयाच्या पहिल्या कांडाशी असलेला मेळ. तेथे भर्तृहरी म्हणतो की, प्रकाशाला ज्याप्रमाणे स्वतः दिसणे आणि दुसऱ्याला दाखविणे अशा दोन शक्ती असतात, त्याप्रमाणे शब्दालाही ग्राह्यत्व आणि ग्राहकत्व अशा दोन शक्ती आहेत. वरवर पाहता ह्यात आणि तिसऱ्या कांडातील सिद्धान्तात विसंगती दिसते. परंतु त्या दोन शक्ती पृथक् आहेत, असे पहिल्या कांडातच सांगितलेले आहे. शब्द स्वतःला दाखवितो खरा. पण ते दाखविणे म्हणजे स्वतःविषयी विधान करणे नव्हे. दिवा स्वतः दिसतो. म्हणून तो स्वतःच्या उजेडाची परीक्षा करतो असे होत नाही.

ह्या विचाराचे मूळ पाणिनीपर्यंत मागे नेता येते. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातील पहिल्या पादात ६८ व्या क्रमांकावर असे सूत्र आहे की, व्याकरणात शब्द हा स्वतःच्या रूपाचा बोधक असतो. अपवाद पारिभाषिक संज्ञांचा. म्हणून ‘अग्नी’ला अमुक प्रत्यय होतो असे म्हटले, की तो ‘अग्नि’ ह्या शब्दाला होतो. विस्तवाला होत नाही आणि ‘वह्नि’ ह्या पर्यायालाही होत नाही. शब्द वापरणे आणि शब्दाचा उल्लेख करणे हा भेद तर्कशास्त्राने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेगेपासून काटेकोरपणे पाळण्यास आरंभ केला. संस्कृत व्याकरणाचे तर तेच प्रवेशद्वार होते. मिथ्यावाद्याच्या वाक्याची गाठ वैयाकरणानेच ह्या विशिष्ट रीतीने सोडवू पाहावी, हे ह्यावरून समजू शकते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६३ मध्ये के. ए. सुब्रह्मण्य अय्यर ह्यांनी हेलाराजाच्या टीकेसह संपादिलेला तिसऱ्या कांडाचा पहिला भाग प्रसिद्ध केला, आणि १९६५ मध्ये काशीनाथ वासुदेव अभ्यंकर व वि. प्र. लिमये ह्यांचे वाक्यपदीयाचे संपादन तत्कालीन पुणे विद्यापीठाने काढले. संबंधसमुद्देशाचा पुढील बराचसा अभ्यास ह्या संपादनांच्या पायावर झाला. मिथ्यावाद्याच्या वाक्याची जगातील तर्कशास्त्रज्ञांना सविस्तर ओळख करून देणारा यान हाउबेन ह्यांचा लेख १९९५ चा आहे.

५. मध्ययुगीन युरोपातील प्रतिध्वनी

बाराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातील विद्यापीठांत ह्या कुटांवर ‘असाध्ये’ ह्या अर्थाच्या शीर्षकाने ग्रंथ लिहिण्याची प्रथा पडली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या पॉलने आपल्या मोठ्या तर्कग्रंथात पंधरा निरनिराळी उत्तरे नोंदविली आहेत. त्यांतील एक पक्ष आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. वाक्यातील अंश त्या संपूर्ण वाक्याचा बोधक होऊ शकत नाही, म्हणून ‘असत्य’ हे पद आपण ज्या वाक्यात आहोत त्याला सोडून बाकीच्यांना लागू होते, असे ह्या पक्षाचे मत होते. हा पक्ष म्हणजे भर्तृहरीच्या सिद्धान्ताचा लॅटिन भाऊच होय. दोहोंत कोणताही ऐतिहासिक संबंध नाही.

ह्या पक्षावर सर्वांत कडक हल्ला ऑक्सफर्डच्या टॉमस ब्रॅडवर्डीनने १३२० नंतरच्या लवकरच्या वर्षांत केला. (हाच ब्रॅडवर्डीन १३४९ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि त्याच वर्षी प्लेगने मरण पावला.) त्याच्या आक्षेपाचे सार मराठीतील उदाहरणांनी सहज स्पष्ट होते. ‘हे वाक्य मराठीत आहे’ आणि ‘या वाक्यात पाच शब्द आहेत’ ही दोन्ही वाक्ये स्वतःविषयीच बोलतात. दोन्ही कळतात आणि दोन्ही सत्य आहेत. स्वनिर्देश हाच रोग मानला, तर ही निरोगी वाक्येही बाद करावी लागतील. ब्रॅडवर्डीनचे स्वतःचे उत्तर असे की, जे वाक्य स्वतःला असत्य म्हणून सांगते ते त्याबरोबरच स्वतःला सत्य म्हणूनही सांगते. आणि परस्परविरुद्ध अशा दोन गोष्टी सांगणारे वाक्य सर्वांशाने सत्य होऊ शकत नाही, म्हणून ते केवळ असत्य. बुरिदांचे उत्तर ह्याच कुळातील आहे.

ही चर्चा विद्यापीठांच्या भिंतींबाहेर किती पसरली होती ते सर्व्हांटिसच्या ‘डॉन किहोटे’च्या १६१५ मधील दुसऱ्या भागावरून कळते. पूल ओलांडणाऱ्याने आपण कोठे जात आहो हे शपथेवर सांगावयाचे. खोटे निघाल्यास फाशी. एक जण म्हणतो, ‘मी त्या वधस्तंभावर मरण्यासाठी जात आहे.’ सांचो पांझा अखेर त्याला दयेपोटी सोडून देतो. न्यायाधीशाला निकाल द्यावाच लागतो. तार्किकाला ती सवलत नाही.

६. आधुनिक काळ

पुढील तीन शतकांत हा विषय मागे पडला. तो एकदम परत आला तो गणिताच्या पायाशी. बर्ट्रंड रसेलने १६ जून १९०२ रोजी गोटलोब फ्रेगेला पत्र लिहून कळविले की, जे वर्ग स्वतःचे घटक नाहीत त्या सर्वांचा वर्ग घेतला, तर तो स्वतःचा घटक असल्यास नसतो आणि नसल्यास असतो. फ्रेगेच्या अंकगणितमीमांसेचा दुसरा खंड त्या वेळी छापखान्यात होता. १९०३ मध्ये तो परिशिष्ट जोडून प्रसिद्ध झाला आणि त्या परिशिष्टात ही अडचण मान्य केलेली आहे. रसेलने १९०८ मध्ये मांडलेल्या प्रकार-उपपत्तीत सर्व कूटांचे एकच निदान केले. कोणत्याही समष्टीत त्या समष्टीवाचून ज्याची व्याख्याच होत नाही असा घटक असू नये. न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर ‘आत्माश्रय’ हा दोष त्याने सर्वत्र वर्ज्य केला.

त्याच वर्षी कुर्ट ग्रेलिंगने शब्दांचे एक कूट मांडले. ते मराठीत सुरेख उतरते. ‘मराठी’ हा शब्द मराठी आहे. ‘त्र्यक्षरी’ हा शब्द त्र्यक्षरी आहे. अशा शब्दांना आत्मानुरूप म्हणू. ‘इंग्रजी’ हा आपला शब्द इंग्रजी नाही. ‘पंचाक्षरी’ ह्या शब्दात चारच अक्षरे आहेत. अशांना अनात्मानुरूप म्हणू. आता ‘अनात्मानुरूप’ हा शब्द स्वतः कोणत्या गटात बसतो? कोठेही बसविला तरी तो तेथून उठून दुसऱ्या गटात जातो. फ्रँक रॅम्झीने १९२५ मध्ये ह्या कुटांचे दोन वर्ग केले. रसेलच्या वर्गासारखी काही निव्वळ तर्कगणिताची, आणि मिथ्यावादी व ग्रेलिंग ह्यांसारखी काही अर्थ, सत्य, नाव इत्यादी भाषाविषयक कल्पनांवर उभी असलेली. दुसऱ्या वर्गाची जबाबदारी त्याने अशा रीतीने भाषेच्या दारात आणून ठेवली.

ती जबाबदारी आल्फ्रेड टार्स्कीने १९३३ च्या पोलिश प्रबंधात उचलली. ‘बर्फ पांढरे आहे’ हे वाक्य सत्य असते ते बर्फ पांढरे असेल तर आणि तरच. प्रत्येक वाक्याबाबत अशी अट पुरी होईल अशी सत्याची व्याख्या हवी असेल, तर जिच्याविषयी बोलावयाचे ती विषयभाषा आणि जिच्यात बोलावयाचे ती अधिभाषा ह्या भिन्न असल्या पाहिजेत, आणि ‘सत्य’ हा शब्द केवळ अधिभाषेत असला पाहिजे. आकारिक भाषांकरिता टार्स्कीने ही व्याख्या यशस्वीपणे दिली. नैसर्गिक भाषांविषयीचा त्याचा निर्णय मात्र निराशेचा आहे. नैसर्गिक भाषा सर्वव्यापी असते. जे कोठेही अर्थपूर्णपणे बोलता येते ते तिच्यात बोलता येते, स्वतःविषयीचे बोलणेही. म्हणूनच तिच्यात सत्याची सुसंगत व्याख्या संभवत नाही.

ह्या निर्णयाचे गांभीर्य भाषाशास्त्रज्ञाने ओळखले पाहिजे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण मराठीत लिहिले. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये मराठीतच प्रसिद्ध झाले. त्यांतील प्रत्येक वाक्य मराठीविषयी आहे आणि मराठीत आहे. त्यांतील नियम ते नियम सांगणाऱ्या वाक्यांनाही लागू होतात. मराठी आपली अधिभाषा स्वतःच आहे. टार्स्कीचा निर्णय शब्दशः घेतला, तर हे ग्रंथ ज्या भाषेत सत्य आहेत असे आपण म्हणतो, त्या भाषेत ‘सत्य’ ह्या शब्दाला सुसंगत अर्थच नाही असे होते.

१९७५ मध्ये सोल क्रिपकीने ह्या निर्णयाची दुसरी उणीव दाखविली. समजा, न्यायालयात एका साक्षीदाराने एवढेच म्हटले की, ‘दुसऱ्या साक्षीदाराची बहुसंख्य विधाने असत्य आहेत.’ दुसऱ्याने आपल्या साक्षीत म्हटले की, ‘पहिला म्हणाला ते सर्व सत्य आहे.’ दोन्ही वाक्ये अगदी व्यवहारातील आहेत. परंतु दुसऱ्याच्या उरलेल्या विधानांपैकी नेमकी निम्मी सत्य व निम्मी असत्य असली, तर ह्या दोन वाक्यांचे मिळून मिथ्यावाद्याचे कूट तयार होते. वाक्याचे व्याकरण किंवा अर्थ कितीही तपासला तरी ते कूट आहे की नाही हे कळत नाही. जगातील घटना तपासाव्या लागतात. शिवाय कोणी कोणत्या पायरीच्या भाषेत बोलले हे बोलणाराला आधी ठरविता येत नाही. क्रिपकीने ‘सत्य’ हा एकच शब्द ठेवून काही वाक्यांना सत्य किंवा असत्य ह्यांपैकी कोणतेच मूल्य मिळत नाही असे मानले.

७. तौलनिक विचार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भर्तृहरीने हे कूट सोडविले होते काय? ‘होय’ असे निरपवादपणे म्हणता येत नाही. ब्रॅडवर्डीनचा आक्षेप त्यालाही लागू होतो. ‘या वाक्यात पाच शब्द आहेत’ ह्याची सत्यता त्याच्या दुसऱ्या पायरीशी सहज जुळत नाही. त्याच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, शब्दसंख्या ही वाक्याच्या ग्राह्य रूपाची बाब आहे, वाचकत्वाची नव्हे. सत्यता मात्र वाचकत्वाचीच बाब आहे, आणि अडथळा केवळ तेथेच येतो. हा बचाव समर्थनीय वाटतो. परंतु तो वाक्यपदीयात लिहिलेला नाही, आपण त्याच्या सूत्रावरून रचलेला आहे, हे स्पष्ट ठेवले पाहिजे.

दोन्ही प्रश्न भिन्न होते काय? ह्यालाही ‘होय’ म्हणता येत नाही. हेतू भिन्न होते हे खरे. ग्रीकांना वादातील ‘होय-नाही’चा दंडक तपासावयाचा होता, रसेलला गणित वाचवावयाचे होते, भर्तृहरीला शब्दार्थसंबंधाची अवाच्यता सांभाळावयाची होती. परंतु वाक्य तेच होते आणि त्याची परिस्थितीसापेक्षता भर्तृहरीच्या उदाहरणातच अंतर्भूत आहे. एपिमेनिडीस व कुमारिल ह्यांची वाक्ये एका जातीची. युबुलिडीस आणि भर्तृहरी ह्यांची दुसऱ्या जातीची. रेषा पूर्व आणि पश्चिम ह्यांमधून जात नाही. ती दोन्ही परंपरांच्या आतून जाते.

भर्तृहरीचे वैशिष्ट्य कोठे आहे, हे टार्स्कीशेजारी ठेवले की दिसते. टार्स्कीने पायऱ्या भाषांमध्ये पाडल्या. भर्तृहरीने त्या एकाच भाषेच्या व्यापारांमध्ये पाडल्या. कोणताही शब्द वाच्य होऊ शकतो. फक्त ज्या क्षणी तो वाचक आहे त्या क्षणी, त्याच व्यापारात, तो वाच्य होत नाही. दुसरा वक्ता, किंवा तोच वक्ता दुसऱ्या क्षणी, त्याच भाषेत त्या वाक्याला विषय करू शकतो. १९७४ मध्ये चार्ल्स पार्सन्स आणि १९७९ मध्ये टायलर बर्ज ह्यांनी जे संदर्भनिष्ठ उत्तर सुचविले, त्याच्याशी ह्याचे नाते टार्स्कीच्या उत्तराहून अधिक जवळचे आहे. ह्या मार्गाने गेल्यास मराठीचे मराठीतील व्याकरण असंभाव्य ठरत नाही. व्याकरणकाराचे वाक्य बोलते त्या क्षणी स्वतःची परीक्षा करीत नाही. ती परीक्षा त्याचा वाचक करतो, त्याच भाषेत आणि पुढच्या वाक्यात.

ह्या दिशेने पुढील काम अजून बरेच शिल्लक आहे. हेलाराजाच्या टीकेतील ह्या भागाचे मराठीत सटीप भाषांतर होणे अवश्य आहे. स्ववचनविरोधाच्या कुमारिलकृत त्रिविध विभागणीची बुरिदांच्या उदाहरणांशी एकेक करून तुलना व्हावयास हवी. आणि ‘विरोधाभास’ हा प्रतिशब्द पाठ्यपुस्तकांतून सरसकट वापरण्यापूर्वी अलंकार, वदतो व्याघात आणि कूट ह्या तीन गोष्टींना तीन निरनिराळी नावे देण्याची शिस्त तर्कशास्त्राच्या व भाषाशास्त्राच्या अध्यापकांनी मिळून पाळावी, अशी सूचना करून हा लेख पुरा करतो.